खाडीच्या मातीला वारा लागला

बस खाडीपुलावर चढली तेव्हा ओहोटी होती. पाणी दूर गेले होते आणि उघडा पडलेला चिखल सकाळच्या उन्हात इतका शांत चकाकत होता, की खाली जमीन आहे की आकाश हे मला क्षणभर कळेना. नातवंडांनो, तुमच्याकडचा समुद्र निळा असतो. आमच्या खाडीचा रंग सांगणे कठीण. सत्तरचे दशक संपत आले होते आणि पुलापलीकडे नवी मुंबई नुकती उगवत होती. वाशीला मोजके रस्ते, कोऱ्या इमारती आणि त्यांच्या खिडक्यांसमोर भातशेती. तुर्भ्याचे कारखाने मागे पडले, टेकड्या जवळ आल्या आणि मी बेलापूरला उतरले.

न्यायला मालती आली होती. मी दादरच्या शाळेत रसायनशास्त्र शिकवत असताना ती माझ्या वर्गात होती. मूळची अलिबागची, मामाकडे राहून शिकलेली. लग्नानंतर ती दिवाळे या कोळीगावाजवळच्या एका वाडीत आली. नवरा कारखान्यात, शेत ती आणि सासूबाई हिराबाई बघत. "शेत बिघडलंय, बाई, येऊन बघा," असा तिचा निरोप होता.

वाट बांधावरून होती. एका हाताला तिवरांची दाट हिरवी भिंत, दुसऱ्या हाताला खारी शेते. वारा पडला होता. दूर दिवाळ्याच्या होड्या चिखलात कलंडून झोपल्यासारख्या दिसत होत्या आणि सुकत घातलेल्या मासळीचा वास हवेत तरंगत होता. चालताना मालती हळूच म्हणाली, "यंदा पावसाळ्यात भात आलं नाही तर भावजी शेतावर मुरूम टाकणार. भराव झाला की जागा विकायला सोपी. आईंना ते सोसायचं नाही. मलाही."

शेत पाहिले आणि मी थबकले. भेगाळलेल्या काळ्या ढेकळांवर जागोजाग हळद सांडल्यासारखे पिवळे डाग होते. कडेच्या चरातले पाणी कोऱ्या चहासारखे तांबूस आणि विलक्षण नितळ. तळाची काडीन् काडी दिसत होती. त्यात काहीच हलत नव्हते.

"पानी बगा, कसं काचंसारकं हाय," बांधावर बसलेल्या हिराबाई म्हणाल्या. "पन बेडूक नाय, चिकलात उड्या मारनारी निवटी नाय. मना भ्या वाटते."

"माझ्यामुळं झालं," मालती म्हणाली. "आमच्याकडे कांद्याचे वाफे खोल खणतात. माती मोकळी केली की पीक फुलतं. भाजी लावीन म्हणून अर्धं शेत मी गडी लावून खणलं."

"म्हायेरची कुदल आनली न् जमीन उलथी केली! मी बोलले व्हते, बाय, या जमिनीला गुदगुल्या करू नको."

हिराबाई हसत होत्या, पण मालतीचा चेहरा उतरला. इथली रीत मला ठाऊक नव्हती, ती हिराबाईंनी सांगितली. खाऱ्या जमिनीत नांगर खोल घालत नाहीत. पावसाने मीठ धुऊन नेले की चिखल वरच्यावर कालवतात आणि मोड आलेले भात त्यात फेकतात. खालच्या थराला कोणी हात लावत नाही.

खाडीचा चिखल जवळून पाहावा म्हणून मी बांध उतरले आणि दुसऱ्याच पावलाला गुडघ्यापर्यंत रुतले. पाय निघाला, चप्पल राहिली. पोटरीवर शाईसारखा काळा लेप आणि नासक्या अंड्यांचा वास!

"मास्तरीनबाय, खाडीच्या पाया पडायचं तं वरून पडावं. आत जायाचं नाय!" हिराबाईंनी मला ओढून काढले.

दुपारी तांदळाची भाकरी आणि खाडीतल्या निवट्यांचे, त्या छोट्या माशांचे, आंबट कालवण जेवले. जेवून अंगणात बसले तेव्हा लुगड्याच्या काठाकडे लक्ष गेले. चिखलात रुतताना लागलेला सकाळचा काळा डाग आता तपकिरी, गंजल्यासारखा झाला होता. मी दोघींना तो दाखवला. जे शेतात झाले तेच लुगड्याच्या काठावर होत होते.

खाडीच्या चिखलात खाली हवा पोचत नाही. तिथले सूक्ष्म जीव समुद्राच्या पाण्यातल्या क्षारांकडून प्राणवायू काढून घेतात आणि मागे उरलेले गंधक लोखंडाशी जोडले जाते. म्हणून तो चिखल काळा. पाण्याखाली ते जोडपे युगानुयुगे निजून राहते. वर काढून वाळवले की त्याला वारा लागतो. लोखंडाचा गंज होतो आणि गंधकाचे आम्ल, शाळेतल्या काचेच्या बाटलीत आम्ही कुलुपात ठेवायचो तेच.

मालतीला वर्गातली एक गंमत आठवली. तिने दारची जास्वंद तोडली आणि पाकळ्या कागदावर चोळल्या. जांभळट कागदावर चरातले पाणी टाकताच तो लालभडक झाला. दुसऱ्या कागदावर खाडीचे पाणी टाकले, तो हळूहळू हिरवट झाला. दोन्ही कागद आम्ही उन्हात शेजारी वाळत ठेवले.

"उद्या पुनवेचं उधान हाय. उघाडी खोला," हिराबाई म्हणाल्या. उघाडी म्हणजे बांधातले लाकडी दार. "मागं बांध फुटला तवा खारं पानी म्हयनाभर शेतात व्हतं. सगली रडली. पन पावसानं धुतलं न् भात आलं."

"आणि यंदा धुतलं नाही तर? भावजी वाटच बघतायत, आई."

दोघींनी माझ्याकडे पाहिले. मी म्हणाले, "पाण्याखाली माती गेली की तिला वारा लागणं थांबेल. खाडीचं पाणी आंबटपणाही मारील. पुढचं पावसावर. हमी मी देऊ शकत नाही."

दुसऱ्या दिवशी भर दुपारी भरती आली. हिराबाई पुढे झाल्या, तशी मालती म्हणाली, "थांबा आई, खणलं मी, खोलते मी." तिने पदर खोचला आणि फळी वर ओढली. पाणी आधी जिभेएवढे आत आले, मग हातभर, मग सारे शेत हळूहळू चमकू लागले. भेगांतून हवेचे बुडबुडे निघत होते. असंख्य लहानसहान उसासे ऐकू यावेत तसा तो आवाज होता. पाण्यात ढग उतरले आणि ढगांतून बोटभर मासे पोहत गेले. मालती डोळे पुसत होती. हिराबाईंनी तिच्या पाठीवर ओला हात ठेवला.

पावसाने मीठ धुऊन नेले, आणि दसरा झाल्यावर मी पुन्हा गेले. न खणलेल्या भागात भात कमरेएवढे उभे होते. खणलेल्या भागात विरळ होते, काही ठिकाणी टक्कल, पण होते. मालतीने एक रोप उपटून चरात धुतले. मुळांवर तांबूस गंजाचा पातळ थर होता. भाताची काडी पोकळ असते. रोप पानांतून हवा खाली नेते आणि मुळांपुरतीच आसपास सोडते. बाकीची माती निजलेलीच राहते.

"दीर काय म्हणाले?" मी विचारले.

"रागावले. मग म्हणाले, पीक उभं आहे तोवर मुरूम नको."

"अन् बाय, पीक तं दर साली उबं ऱ्हाणार!" हिराबाईंनी डोळे मिचकावले. "पुढची उघाडी मीच कशाला खोलू? ही हाय ना."

परतताना वाशीच्या बाजूला मुरमाचे ट्रक ओळीने उभे होते. आज तिथे कोणाकोणाची घरे आहेत, आणि त्यांच्या पायाखाली खोलवर तो काळा चिखल असेल, अजून वारा न लागलेला. कापणी झाल्यावर मालतीने पाठवलेल्या नव्या तांदळाची मी घरी पेज केली. तुमच्या आजोबांनी ती संपवली आणि विचारले, "शेत राहिलं का गं?"

"यंदा राहिलं," मी म्हणाले, आणि त्यांना आणखी वाढली.