प्रमिलाताईंचं ‘पाहिलेलं’

दर रविवारी सकाळी माझं धुणं वाळत घालून होतं न होतं, तोच शेजारून हाक यायची, “वैशाली, ये गं वाचायला!” वाचायचं म्हणजे प्रमिलाताईंच्या कॉम्प्युटरचा पडदा. सुरक्षेचे नवे अपडेट आलेत का ते तपासायचं, आलेले बसवायचे आणि यंत्र बंद होऊन पुन्हा सुरू होईपर्यंत पडद्यावर जे उमटेल ते त्यांना सांगायचं. ताईंना दिसत नव्हतं. एरवी त्यांचा कॉम्प्युटर पडद्यावरचं सगळं बोलून दाखवायचा, पण अपडेट बसताना तो मुका व्हायचा. तेवढा वेळ ताई त्याच्या डब्यावर तळहात ठेवून बसायच्या, आतला पंखा फिरतोय का ते चाचपत.

“आता काहीतरी वेगळंच आलंय,” असं मी म्हणाले की त्या चिडायच्या. “काहीतरी म्हंजे काय? अर्थ लावू नको बाई. हाय ती अक्षरं वाच.”

ही रविवारची शिस्त त्यांना आधीपासून नव्हती.

चौसाळ्याच्या शाळेत त्या मराठी शिकवायच्या. काचबिंदूनं त्यांची नजर कडेकडेनं खात नेली आणि पस्तिशीच्या आसपास ती पुरती गेली. नवरा आधीच वारलेला, मुलगा अमोल तेव्हा दुसरीत. गल्लीतल्या बायका सांगतात, त्या काळात प्रमिलाताई भिंतीकडे तोंड करून पडून असायच्या. मग कुणीतरी त्यांना बोलणारा कॉम्प्युटर शिकवला आणि त्या पुन्हा वर्गात उभ्या राहिल्या. मी लग्न होऊन शेजारी आले तेव्हा त्या निवृत्त झाल्या होत्या आणि अमोल पुण्याला नोकरीला होता.

त्यांच्या कॉम्प्युटरमध्ये एक फाइल होती. तिचं नाव ‘पाहिलेलं’. डोळे गेल्यावर ताईंना दुसरीच भीती लागली होती, की पूर्वी पाहिलेलंही एक दिवस आपण विसरून जाऊ. म्हणून जे जे आठवत होतं ते त्यांनी लिहून ठेवलं. आई लटकं रागवायची तेव्हा तिच्या नाकपुडीजवळ पडणारी घडी. हुरड्यातल्या दाण्याचा हिरवा आणि पोपटाचा हिरवा यांतला फरक. झोपेत अमोलची हनुवटी कशी दिसायची ते. दुपारी त्या यंत्राला ते वाचायला लावायच्या आणि ऐकत बसायच्या. “बघून घेते जरा,” म्हणायच्या.

अपडेटची मात्र त्यांना भीती वाटे. एकदा अपडेट बसल्यावर यंत्राचा आवाज परत आलाच नव्हता. अमोल पुण्याहून येऊन दुरुस्त करीपर्यंत त्यांनी ताटाला हात लावला नव्हता. तेव्हापासून सूचना आली की त्या ‘नंतर’ हे बटण दाबून मोकळ्या. “चालतंय ना? मग कावून हात लावायचा?”

एका सकाळी त्यांची हाक आली ती नेहमीची नव्हती. मी गेले तर यंत्र बोलत होतं, पण अक्षरांचा नुसता चिवडा. सगळ्या फाइलींची नावं बदललेली. पडद्यावर लाल चौकटीत इंग्रजी मजकूर होता. मी अडखळत वाचला: तुमच्या फाइली कुलूपबंद केल्या आहेत, हव्या असतील तर पैसे पाठवा. पेनड्राइव्हवर ‘पाहिलेलं’ची एक प्रत होती, पण तो कायम लावलेलाच असायचा. तीही गेली होती.

“परत वाच,” ताई म्हणाल्या. मी परत वाचला. “परत.”

आम्ही बीडला निघालो. कॉम्प्युटरचा डबा त्यांनी जीपमध्ये मांडीवर घेतला, मला धरू दिला नाही. दुरुस्तीवाल्यानं बराच वेळ खटपट केली आणि मान हलवली. “न्हाई निघायचं मॅडम. पैसे भरले तरी भरवसा न्हाई. ज्या फटीतून हे आत घुसलंय ना, ती बुजवायचं अपडेट कधीचंच आलंय.”

“माझ्याकडं आलतं?”

“आलतं की. तुमी दरवेळेस ‘नंतर’ दाबलंय.”

आतलं सगळं पुसून साफ करून नव्यानं भरून द्या, एवढंच ताई म्हणाल्या.

परतीच्या वाटेवर मांजरसुंब्याला ढाब्यावर थांबलो. चहा समोर निवत होता. अचानक त्यांनी माझं मनगट आवळलं. “वैशाली, मला आईचं नाक आठवंना. अमोलची हनुवटी कशी हाय गं? सांग की.”

अमोलदादांचा चेहरा डोळ्यांपुढे आणून मी सांगायला लागले, दाढी आहे, मध्ये थोडा खळगा...

“त्यो न्हाई गं! माझा बारका अमोल.” आणि तिथंच, ट्रकवाल्यांच्या देखत, त्या टेबलावर डोकं टेकून रडल्या. मी त्यांच्या पाठीवर हात ठेवून बसले. बारका अमोल मी कुठून आणणार होते?

त्यानंतर रविवार सुरू झाले. “चोरी झाल्यावर कुलूप लावतेय, म्हाईत हाय मला,” त्या म्हणायच्या, तरी एकही अपडेट सोडायच्या नाहीत. प्रत्येक वेळी आवाज परत येईपर्यंत त्यांच्या कपाळावर घाम असायचा. एकदा मी धीर करून म्हणाले, “ताई, ते परत लिहा ना. मी बसते जवळ.”

“आता लिहीन ते बनवलेलं असंल गं. पाहिलेलं न्हाई.” पुढे तो विषय मी काढला नाही. हळूहळू दुपारचं यंत्राचं बोलणंही बंद झालं. दाराच्या फटीतून दिसायचं, ताई पुन्हा भिंतीकडे तोंड करून पडलेल्या असायच्या.

गेल्या उन्हाळ्यात त्यांना हृदयाचा त्रास सुरू झाला आणि अमोलदादा त्यांना कायमचं पुण्याला न्यायला आले. सामान गाडीत चढलं. मी रडतेय हे माझ्या आवाजावरून त्यांनी ओळखलं.

“उगी,” त्या म्हणाल्या. “माझ्या ध्यानातनं एकेक तोंड पुसत चाललंय. शेवटाला कुणीच उरायचं न्हाई. पर तुला मी कधी पाहिलंच न्हाई वैशाली. तुझं तोंड पुसायचं भ्या न्हाई मला.”

गाडी हलली. मी हात हलवत राहिले. मग भान आलं आणि मोठ्यानं हाक मारली, “ताई!” पण तोवर गाडीची काच वर गेली होती.