ओट्यावरून पाहिलेला युरोप

युरोपचा विषय निघाला की माझा नवरा सोफ्यावर पुढे सरकून बसतो. विषय निघाला नाही तर तो काढतो. आम्हाला नोएडात परत येऊन बरीच वर्षं झाली, पण आमच्याकडे चहाला आलेला माणूस युरोप ऐकल्याशिवाय लिफ्टपर्यंत पोचत नाही. एकदा सोसायटीचा सेक्रेटरी बाथरूमच्या गळतीचं बघायला आला होता. त्यालाही याने फोनवर नदीकाठचे द्राक्षांचे मळे दाखवले. तो बिचारा 'अच्छा, अच्छा' करत उभाच होता. गळती अजून तशीच आहे.

याच्या कंपनीने आम्हाला काही वर्षांसाठी हॉलंडला पाठवलं होतं. मुलगी तेव्हा लहान होती. तिकडच्या शाळांना ऑक्टोबरात आठवडाभर सुट्टी असते, पानगळीची सुट्टी. पानं गळतात म्हणून शाळा बंद, याचं मला सुरुवातीला फार अप्रूप वाटलं. पहिल्या वर्षी मी त्या सुट्टीसाठी नवा कोट घेतला, मोहरीच्या रंगाचा स्कार्फ घेतला. तळ्याकाठी बसायचं, कुणीतरी आणून दिलेली कॉफी प्यायची, एवढंच माझ्या डोक्यात होतं. मग याने येऊन सांगितलं, की हॉटेल नाही, घर बुक केलंय. "किचनवालं घेतलंय, म्हणजे तुला बाहेरचं खाऊन कंटाळा यायला नको." मला! मी बाहेरचं अजून तोंडातही घातलं नव्हतं, आणि माझा कंटाळा याने ठरवूनसुद्धा टाकला होता.

तेव्हापासून दर ऑक्टोबरात आमच्या गाडीच्या डिकीत आधी कुकर जायचा. तो टॉवेलमध्ये गुंडाळायचा, शिट्टी वेगळ्या पिशवीत. मग तांदूळ, तूरडाळ, पोहे, थालीपिठाची भाजणी, मेतकूट, मसाल्याचा डबा. उरलेल्या जागेत कपडे. मोहरीच्या रंगाचा स्कार्फ एकदा कुकरभोवतीच गुंडाळला गेला, टॉवेल विसरला म्हणून. त्याला वरणाचा वास लागला तो कायमचा.

लोकांना तिकडची चर्चेस आठवतात, मला शेगड्या आठवतात. बेल्जियमच्या डोंगरातल्या एका दगडी घरात शेगडीच्या बटणांवरची चित्रं पुसून गेली होती, कुठलं बटण कुठल्या शेगडीचं ते हात भाजल्यावर समजायचं. जर्मनीतल्या एका घरात सुरी इतकी बोथट होती की कांदा चिरला जायचा नाही, चेंगरायचा. आणखी एका घरात इंडक्शन होतं. ॲल्युमिनियमचा कुकर त्याच्यावर तापतच नाही, हे मला तो इतका लांब वाहून नेल्यावर कळलं. डाळ साध्या पातेल्यात टाकून मी बसले. बाकीचे किल्ला बघून आले तरी ती शिजायची होती. "अजून झालं नाही?" हा वाक्प्रयोग मी फ्रान्स सोडून पश्चिम युरोपातल्या बहुतेक देशांत ऐकलाय. फ्रान्सला आम्ही गेलो नाही.

याच्या पोटाला बाहेरचं चालत नाही, असं तेव्हा जाहीर केलेलं होतं. आता हाच माणूस ऑफिसखालच्या ठेल्यावर उभा राहून छोले-कुल्चे खातो आणि वर कच्चा कांदा मागून घेतो. पोट तेच आहे. कोपर्निकस मार्गावरच्या आपल्या मराठी सदनात जेवायला गेलो की झुणका दोनदा मागवतो आणि 'घरची चव आहे' म्हणतो. घरी झुणका केला की विचारतो, आज साधंच का? हे लिहिताना पुन्हा माझ्या डोक्यात तिडीक जातेय.

पण तो जो किस्सा सगळ्यांना सांगतो, तो ऑस्ट्रियातल्या तळ्याकाठच्या गावातला आहे. त्या वर्षी पुण्याहून सासूबाई आल्या होत्या. आम्ही एका तीन मजली घराचा वरचा मजला घेतला होता, खाली म्हातारी मालकीण राहायची. दुसऱ्या दिवशी सगळ्यांनी केबल कारने डोंगरावर जायचं ठरलं. वरती म्हणे सगळा डोंगर पिवळा झालेला असतो. मी कोट घालून दारापर्यंत आले होते. तेवढ्यात हा म्हणाला, "वरच्या रेस्टॉरंटमध्ये आईला खाण्यासारखं काही नसणार. तू असं कर, वरण-भात करून ठेव ना. आम्ही येतोच." सासूबाई लगेच म्हणाल्या, "अगं, असू दे, मी ब्रेड खाईन." असं म्हणून त्या बूट घालायला बसल्या. मी कोट काढून खुंटीला लावला.

ते गेले. मी चिडलेलीच होते, आणि चिडलेल्या माणसाने फोडणी करू नये. तेल फार तापलं. मोहरी, हिंग आणि वर चार लाल मिरच्या एकदम पडल्या. भसकन धूर झाला आणि छतावरचं ते पांढरं गोल यंत्र किंचाळायला लागलं. पाठोपाठ जिन्यातलं वाजलं, मग खालच्या मजल्यावरचं. मी गॅस बंद केला आणि होते तशी खाली पळाले, अंगात गाऊन, त्यावर स्वेटर, पायात नवऱ्याच्या भल्या मोठ्या सपाता. रस्त्यावर मालकीण उभी होती, मधल्या मजल्यावरचं एक जोडपं उभं होतं, दोघंही खोकत होते. मिरचीचा खाट जिन्यातून खाली उतरला होता. थोड्या वेळाने गावातल्या बंबवाल्यांची गाडी आली. मालकीण मला काहीतरी बोलली. मला जर्मन येत नाही, पण शिव्या कुठल्याही भाषेतल्या कळतात. मग तिने तळ्याकडे हात करून मला जायला सांगितलं. माझ्या कपड्यांना येणारा वास तिला सहन होत नसावा.

मी गेले. सपाता फटफटत उतारावरून खाली गेले आणि पाण्याजवळच्या बाकावर बसले. बाकावर एक बाई होती. तिने माझ्याकडे पाहिलं, आपली पिशवी उचलून मांडीवर घेतली आणि पुन्हा समोर बघायला लागली. पलीकडचा अख्खा काठ पिवळा होता, त्या झाडांचं नाव मला अजून माहीत नाही. अधूनमधून पान पाण्यावर पडायचं. माझ्या बोटांना हिंगाचा वास येत होता, पाय गारठले होते, वर माझ्यामुळे बंब आला होता, आणि मी मजेत होते. मला कुणी काही मागत नव्हतं. कुणी हाक मारली असती तरी ऐकू आली नसती. आमच्या युरोपातल्या सगळ्या सुट्ट्यांत मी जी सुट्टी घेतली ती एवढीच.

परत आले तेव्हा मालकिणीने सगळ्या खिडक्या उघडून फोडणीचं कढलं गॅलरीत नेऊन ठेवलं होतं. मंडळी डोंगरावरून आली. नवऱ्याने दार उघडल्या उघडल्या विचारलं, "हे काय, पानं घेतली नाहीस?" मी काय झालं ते दोन वाक्यांत सांगितलं. तो हसत सुटला. रात्री पुण्याला फोन करून त्याने तो प्रसंग सांगितला, तेव्हा बंब दोन झाले होते.

पुढे नोएडात तो किस्सा पोसला गेला. आता त्यात बंब तीन आहेत, शिडी आहे, शेजारचं हॉटेल रिकामं करावं लागतं. आणि मुख्य म्हणजे त्यात हा आहे. हाच खिडक्या उघडतो, हाच मला हाताला धरून बाहेर आणतो, हाच बंबवाल्यांना सांगतो, "सर, धिस इज ओन्ली इंडियन कुकिंग!" यावर लोक पोट धरून हसतात. मी आत चहा गाळत असते. तळ्याचं मी कुणालाच कधी सांगितलेलं नाही. याच्या तोंडी ते पडलं असतं तर त्यातही हा शेजारी बसलेला निघाला असता.

यंदा दिवाळीनंतरच्या शनिवारी हॉलंडच्या दिवसांतला याचा एक मित्र गुडगावहून बायकोला घेऊन फराळाला आला. बाहेर नेहमीचा दिवाळीनंतरचा नोएडा होता, समोरचा टॉवर धुरक्यामागे गेलेला, डोळे चुरचुरणारे. हॉलमध्ये एअर प्युरिफायर चालू होता. हे यंत्र हवा चांगली असली की हिरवं दिसतं, वाईट झाली की लाल होऊन घरघरायला लागतं. मी काही तळायला घेतलं की ते लाल होतं. मग नवरा हॉलमधूनच ओरडतो, "किचनचं दार लाव ना, प्युरिफायर लाल होतोय!" म्हणजे हवा हॉलसाठी आणि धूर माझ्यासाठी. त्या दिवशीही मी दार लावून आत बटाटेवडे तळत होते. फराळ समोर असताना वडे कशाला? मित्राला आवडतात म्हणून.

मुलगी पहिला घाणा न्यायला आत आली. ती आता कॉलेजात आहे. तिने जाताना दार उघडंच ठेवलं, त्यामुळे बाहेरचं मला ऐकू यायला लागलं. नवरा म्हणत होता, "पुढच्या ऑक्टोबरला जायचंच. हॉलंडच्या आपल्या चारही फॅमिलीज. इथल्या धुरातून सुटका, यार. आणि गाव कुठलं माहितीये? तेच, फोडणीवालं! तळ्यासमोरचं अख्खं घर मिळतंय. सहा बर्नरचं किचन आहे. हिच्यासाठीच शोधलं."

माझ्या हातातला झारा तसाच राहिला. त्या गावाचं नाव ऐकून आधी मला आनंदच झाला, हे मी लपवत नाही. तो बाक, ते पाणी मला पुन्हा बघायचंय, अगदी मनापासून बघायचंय. पण चार कुटुंबं, सहा बर्नर. म्हणजे या खेपेला तळं नुसतं खिडकीतून दिसणार, कांदा चिरताना.

मित्राच्या बायकोने विचारलं, "फोडणीवालं म्हणजे?" बस. नवरा पुढे सरकला आणि सुरू झाला. धूर झाला, अलार्म वाजला, बंब आले. "मी पहिल्यांदा काय केलं तर खिडक्या उघडल्या..."

"बाबा, एक मिनिट," मुलगी म्हणाली. "तू तर आमच्याबरोबर वर होतास ना? केबल कारमध्ये मला उलटी झाली, तू पिशवी पकडून उभा होतास. आजी म्हणाली, आईला आणायला हवं होतं."



"अगं, तेच ते," नवरा म्हणाला. "मी नंतर पोचलो ना."

"नंतर बिल्कुल धूर नव्हता. आपण आलो तर जेवण रेडी नव्हतं म्हणून तू चिडला होतास."

"अरे यार, स्टोरी ती स्टोरी," मित्र मध्ये पडला. "वहिनी, वडे फर्स्ट क्लास! अजून आहेत ना?"

इतकी वर्षं मला वाटत होतं की तो किस्सा फक्त मलाच खरा माहीत आहे. पिशवी धरून उभ्या असलेल्या माणसाला आपण पिशवी धरून उभे होतो हे आठवत नाही असं होईल का? याला पहिल्यापासून सगळं आठवत होतं. मला वर नेलं नाही, हेही. ते गिळायला त्रास होत होता, म्हणून त्याने स्वतःला खाली आणून माझ्याजवळ उभं केलं आणि वर हशा ओतला. माझा राग जर काही निवत आला असेल, तर तो तिथे पुन्हा पेटला.

मी हात पुसत बाहेर आले. "मी येणार आहे ऑक्टोबरला," मी म्हटलं. "पण स्वयंपाक करणार नाही. एकही दिवस नाही."

सगळे हसले. नवराही हसला, पण जरा जपून. "मग खायचं काय आम्ही?"

"वरच्या रेस्टॉरंटमध्ये मिळेल ते. तुझं पोट आता चांगलं झालंय, ऑफिसखाली रोज तयारी चाललेली असते."

"अगं, लोक बसलेत," तो हळू आवाजात म्हणाला. "ते वडे राहिलेत ना आत. तेल तापलंय."

"हो. तू तळ."

तो उठला, कारण तेलाचा वास खरोखरच बाहेर यायला लागला होता आणि मी आत जायच्या बेतात नव्हते. तो आत गेला. पीठ पातळ, तेल कडक, त्याने वडा लांबून टाकला असणार. चर्रर्र झालं, "आई गं" ऐकू आलं आणि निळसर धुराचा लोट दारातून हॉलमध्ये आला. प्युरिफायर लाल झाला, घरघरायला लागला. आतून तो खोकत म्हणाला, "अगं, ये ना जरा इकडे!"

मी दारापर्यंत गेले. "प्युरिफायर लाल होतोय," मी म्हटलं आणि किचनचं दार लावून घेतलं.

मग मी येऊन सोफ्यावर त्याच्या जागेवर बसले आणि पुढे सरकले. "त्या गावात एक तळं आहे," मी म्हटलं.