पांढऱ्या बुटांचं ओझं

"ए कोळी, वाक. साहेबांना पाठीवर घे."

असं म्हणाला आमच्या सिनेमाचा सहदिग्दर्शक. खारदांड्याच्या किनाऱ्यावर, भर दुपारी, सगळ्या कोळीवाड्यासमोर. सकाळी भरतीच्या पाण्यात होडीवर हीरोचे शॉट घेतले. ओहोटीची चौकशी करावी असं एवढ्या मोठ्या कंपनीत एकालाही सुचलं नव्हतं. पाणी गेलं आणि होडी लांब चिखलात रुतून बसली. हीरोला जेवायला किनाऱ्यावर यायचं होतं. पायात पांढरे बूट. ते काढायला साहेब तयार नव्हते.

मी त्या दिवशी हमाल म्हणून गेलो नव्हतो. नट म्हणून गेलो होतो. अंधेरीच्या स्टुडिओत कितीतरी वर्षं गर्दीत उभा राहिलो. वरातीत नाचलो, बाजारात फिरलो, दंगलीत मेलो. पडद्यावर कधी माझा कान दिसला, कधी पाठ. या खेपेला पहिल्यांदा वाक्य मिळालं होतं. "साहब, हवा पलट गई है. आज नाव मत निकालिए." एवढंच. त्या एवढ्यासाठी मी समुद्राकडे तोंड करून घसा बसेपर्यंत तालीम केली. आय खारच्या बाजारात मासळी विकते. येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला तिने सांगितलं होतं, "माझे पोराला शिनेमान बोलाचा हाय." त्या दिवशी धंदा सोडून, नवं लुगडं नेसून ती वाळूत येऊन बसली होती.

मी सहदिग्दर्शकाला म्हणालो, "मी नट आहे. जेवणानंतर माझा शॉट आहे."

तो हसला. दादरचा पांढरपेशा माणूस, नाटकांवर तासन्‌तास बोलणारा. म्हणाला, "नट ते साहेब, रे. तुला कोळी आहेस म्हणून घेतलंय. चल, वाक."

अंगाची लाहीलाही झाली. तरी वाकलो. नाही म्हटलं तर हातातलं काम जाईल, ही भीती.

साहेब पाठीवर बसले. गुडघाभर चिखल. एका हाताने त्यांनी माझे केस धरलेले, दुसऱ्या हाताने नाकाला रुमाल. किनाऱ्यावर सगळे बघत होते. माझे चुलते, माझ्याबरोबर जाळी ओढणारी पोरं. कोणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. आय खाली वाळूकडे बघत होती.

कोरड्यात उतरताच साहेब दिग्दर्शकाला म्हणाले, "इसका डायलॉग मुझे दे दो. बदबू आती है, पास खड़ा नहीं रह सकता."

दिग्दर्शकाने मान हलवली. झालं. सिगारेट पेटवायलाही जास्त वेळ लागतो. वारा फिरल्याचं आता बंगल्यात राहणाऱ्या हीरोला आपोआप कळणार होतं. आणि मी मागे जाळं विणत बसणार होतो, पाठमोरा.

जेवणं झाली. ते टेबलावर, आम्ही वाळूत. सहदिग्दर्शक पुन्हा आला. "चल रे, साहेबांना होडीवर सोड."

मी उठलो नाही.

"ऐकू येत नाही का तुला?"

"येतं. साहेबांना पाय आहेत. चालू दे त्यांना."

आवाज चढला होता माझा. इतक्या वर्षांत शूटिंगवर पहिल्यांदाच तो सगळ्यांच्या कानावर गेला. सहदिग्दर्शक बाकीच्या कोळ्यांकडे वळला, पैसे देतो म्हणाला. कोणी जागचं हललं नाही. शेवटी साहेबांनी बूट काढले, पँट दुमडली आणि शिव्या देत चिखलात पाय घातला. बायका तोंडाला पदर लावून हसत होत्या.

मला तिथल्या तिथे हाकललं. माणसं पुरवणाऱ्या कंत्राटदाराने स्टुडिओ-स्टुडिओत निरोप पोचवला, हा डोक्यात राख घालणारा माणूस आहे, याला घेऊ नका. अंधेरीचं काम संपलं. आय कित्येक दिवस माझ्याशी बोलली नाही. मग एकदा मासळी निवडता निवडता म्हणाली, "गप बसला असतास त..." आणि पाटी उचलून बाजाराला निघाली. तिचं चुकलं नव्हतं. माझंही चुकलं नव्हतं. आणि तरी आम्ही दोघं एकमेकांकडे बघत नव्हतो, याचा संताप मला अजून येतो.

आता मी कोळीवाड्यातल्या मंडळींबरोबर नाटकं करतो. वकील झालो, मामलेदार झालो, एकदा राजा झालो. वासाची तक्रार अजून कुणी केलेली नाही. पण सिनेमाची भूक मेलेली नाही, खोटं कशाला बोलू? पोस्टर दिसलं की आजही थांबून सगळी नावं वाचतो.

परवा एका नव्या कंपनीचा माणूस घरी आला. समुद्रावरचा सिनेमा आहे म्हणाला, अस्सल कोळी पाहिजे. मी विचारलं, "वकील आहे तुमच्या गोष्टीत?"

"आहे. पण ते काम तुला कसं जमेल?"

"करून दाखवू?"

तो नुसता हसला.

मी त्याला चहा संपवू दिला. मग जे सांगितलं, ते आता सगळ्यांनाच सांगतो. कोळी मी जन्माने आहे, त्याची मला लाज नाही. नट मात्र मी मेहनतीने झालोय. पारखायचं तर नट म्हणून पारखा, नापास करायचं तर नट म्हणून करा. नुसत्या देखाव्याला कोळीवाडा हवा असेल, तर किनाऱ्यावर होडी आहे, भाड्याने घेऊन जा. मी मिळणार नाही.