तुळसाकाकीने आधी खाल्लेल्या गोळ्या

वायरी गाव मागे पडलं तरी तुळसाकाकीचं पाऊल मंदावेना. डोक्यावर बांगडे मासळीची पाटी, आणि तारकर्लीपासून तोंडही चालूच. मागून येणाऱ्या सुगंधा नर्सला मात्र धाप लागली होती.

"काय गो बाय, नर्स तू मा? धाप तुका, आणि पाटी माझ्या डोक्यार!"

सुगंधा हसली नाही. त्रेसष्ट सालचा माघ तो. काकीच्या सुनेच्या, चंद्रावतीच्या, बोटातला रक्ताचा थेंब तिने सकाळीच टिपकागदावर उतरवला होता. आठवा महिना, आणि थेंब धुतलेल्या कुंकवासारखा फिका.

"काकी, दिलेल्यो लोहाच्यो गोळ्यो चंद्रावतीन खाल्ल्यान नाय."

"नाय. मीच दिलंय नाय."

वाडीत बोललं जाई, की त्या गोळ्यांनी शौच काळं होतं, म्हणजे आत रक्त करपतं आणि पोर टिकत नाही. काकीची लेक बाळंतपणात रक्त जाऊन गेली होती. त्या घरात असलं बोलणं हसण्यावारी कोण नेणार?

"काकी, रगतात तांबडे कण असतत. छातीत घेतलेली हवा तेच अंगभर पोचवतत, पोटातल्या पोरापर्यंत. लोह नाय तर ते होणत नाय. म्हणान तिका धाप लागता."

"आणि बाकीचा रगत?"

"पांढरे कण रोगाशी झगडतत. बारीक चकत्यो जखमेर चिकटान गळती बंद करतत."

"होडयेच्या फटीत कापूस ठासतत, तशी."

"तशीच. आणि पिवळसर पाणी ह्या सगळ्यांका न्हेता. अन्न, औषध तेतूनच जाता."

काकीने डोक्यावरची पाटी सावरली.

"माझ्या चेडवाक, गेलेल्या लेकीक, काय कमी पडला गो?"

"तां आता कसा कळात? पण तांबडा आधीच कमी आसला, तर गळती लागल्यार माणूस तगणा नाय."

काकीने पाटी उतरवली, रामेश्वराच्या देवळाच्या दिशेने हात जोडले आणि कनवटीची गोळ्यांची पुडी सोडली. निम्मी रिकामी होती.

"पंधरा दिस मीच खातंय. काळा झाला, पोट दुखला. पण मेलंय नाय. आजपासून तिका देतंय."

वाया गेलेल्या दिवसांसाठी रागवायचं सोडून सुगंधाने पुडीत उरलेल्या गोळ्या मोजल्या. दुसरीच्या लेकीसाठी आधी आपल्या पोटात परीक्षा घेणारी सासू तिने कधी पाहिली नव्हती. देवच असली माणसं घडवतो, असं तिच्या मनात आलं.

"म्हयन्याभरात भरून येयत मा?"

"थोडा येयत. सगळा नाय."

काकीने पाटी पुन्हा डोक्यावर घेतली.

"मोठ्या इस्पितळात एकाचा रगत दुसऱ्याक देतत, खरा?"

"जुळला तर देतत."

"मगे माझा आधी बघूक सांग. माझो झील, तिचो घोव, दर्यार असतलो, तेची वाट बघू नकात. चेडवाच्या टायमाक माका कोणी इचारूक नाय. सुनेक लागला तर माझा घेवा, इतकाच डॉक्टराक सांग गो बाय."