शेवटच्या प्रकरणाची सात पानं

सई, निहार, तुमचे मामाआजोबा गेले त्याला सात आठवडे झाले. माझ्या धाकट्या भावाबद्दल मी तुमच्यासाठी लिहीन असं तेव्हाच कळवलं होतं, पण कागद पुढे घेऊन बसायची आणि तशीच उठायची. आज लिहिते आहे ते सईच्या चार दिवसांपूर्वीच्या फोनमुळे. सई, तिकडे तुझ्या वॉर्डात तुझ्या हातून औषधाची चूक झाली. रुग्ण वाचला, कुणाच्या लक्षातही आलं नाही, आणि तू मला म्हणालीस, "आजी, मामाआजोबांनी केलं तेच मी करणार. जाऊन सांगणार." मी नुसतं "हं" म्हटलं. ते "हं" खोटं होतं.

मधू गेल्याचं साकोलीच्या त्याच्या दवाखान्यातल्या सिस्टरनं सकाळी कळवलं, तेव्हा मी धुतलेले मोजे जोडीजोडीनं लावत होते. तुम्ही मला यावरून चिडवता ना? फोन ठेवला आणि उरलेल्या जोड्याही लावल्या. मग एका मोज्याची जोडी सापडेना, तेव्हा रडू आलं... मधू असता तर म्हणाला असता, "ताई, माणूस मरून राहिला अन् तू मोजे शोधून राहिली!" तो दवाखान्यात शुद्ध मराठी बोलायचा आणि माझ्याशी घरची बोली.

डॉक्टरकी शिकून दोन-तीन वर्षं झाल्यावर त्यानं ती कादंबरी लिहिली. त्याचं अक्षर डॉक्टरचं, म्हणून छापखान्यासाठी स्वच्छ प्रत मी करायची असं ठरलं. मी भंडाऱ्याच्या शाळेत इंग्रजी शिकवत होते, आणि स्वल्पविराम जागच्या जागी हवा हा माझा हट्ट सगळ्यांना ठाऊक होता. रोज दुपारी मी दहा पानं उतरवायची. वॉर्डातला फिनाईलचा वास, केसपेपरवर पडलेली डाळ, मोठ्या डॉक्टरांच्या मागून पळणारी शिकाऊ मुलं, सगळं इतकं खरं की मला घरात बसून दवाखान्यात असल्यासारखं वाटे. मग शेवटचं प्रकरण आलं. त्यात शिकाऊ डॉक्टर दोन सारख्या दिसणाऱ्या कुप्यांपैकी भलतीच फोडतो आणि ते औषध शिरेत सोडतो. धानाच्या गावाहून आलेली एक बाई पाच मिनिटांत जाते. तो घामानं निथळत तिची छाती दाबत राहतो, आणि शेवटी दाराशी उभ्या नवऱ्याला सांगतो, "हृदय कमजोर होतं." नवरा त्याच्या पाया पडतो, त्यानं इतकी धावपळ केली म्हणून. मग तो कँटीनमध्ये जाऊन चहा पितो. कादंबरी तिथं संपत होती.

मी चिडले. "मधू, हा पोरगा चहा काय पितो? वाचक पुस्तक फेकून देईल."

"फेकू दे. पण प्याला ना तो चहा."

मी त्याच्याकडे बघत राहिले. "मधू, हे खरं आहे का?"

"कायले विचारून राहिली ताई? कादंबरी आहे ते, पंचनामा नाही." एवढं म्हणून तो हसला, पण समोरचा चहा त्यानं तसाच बाजूला सारला, आणि मला कळायचं ते कळलं. मी त्याला जवळ घेतलं नाही, की त्या नवऱ्याकडे चल असंही म्हटलं नाही. मी प्रकरण दुरुस्त करायला बसले. "निदान पुस्तकात तरी सांगू दे त्याला," मी म्हटलं. मधूनं दोन दिवसांत नवा शेवट लिहिला. त्यात शिकाऊ डॉक्टर बाहेर येतो आणि नवऱ्याला सांगतो, माझ्या हातून चुकलं. नवरा त्याच्या खांद्यावर हात ठेवतो. हे शेवटचं वाक्य मी सुचवलं. मला ते फार सुंदर वाटलं होतं.

पुस्तक गाजलं ते त्या पानामुळे. डॉक्टरकीच्या मुलांची पत्रं यायची, सर, तुमचं धैर्य... मधू कुणालाच "हो" म्हणाला नाही, आणि "नाही" असंही म्हणाला नाही. अशा कादंबरीत शंभर गोष्टी खऱ्या असल्या की एकशे एकावी कुणी तपासत नाही. वास खरा, डाळ खरी, मग कबुलीही खरीच असणार! हळूहळू घरातही तेच खरं झालं. सई, तू डॉक्टर व्हायचं ठरवलंस तेही ते पान वाचून.

त्यानं साकोलीतच दवाखाना का काढला, हे मी विचारलं नाही. प्रत्येक कुपी तो उजेडात धरून दोनदा मोठ्यानं वाचायचा, चाळीस वर्षं. दर वर्षी धान निघाला की जवळच्या सानगडीहून तुळशीराम नावाचा एक शेतकरी त्याच्याकडे नव्या चिन्नोर तांदळाची पिशवी घेऊन यायचा. मधू ती घ्यायचा आणि त्याच दिवशी सिस्टरला देऊन टाकायचा. एकदा मी तिथं राहायला गेले होते आणि पिशवी सिस्टरकडे जायच्या आधीच नकळत तोच भात केला. घरभर घमघमाट सुटला. मधू पानावर बसला, एकदम थांबला. "ताई, तांदूळ कोठचा हाये हा?" मी सांगितलं. तो ताटावरून उठला. "मले भूक नाही."

तो गेल्यावर मी साकोलीला असताना तुळशीराम भेटायला आला. म्हातारा झाला आहे, काठी टेकत आला, हातात पिशवी. "या सालचा चिन्नोर हाये. साहेब नाही, तं तुमी ठेवा बाई. माह्या बायकोसाठी लय धावले होते साहेब." मी पिशवी घेतली. मधूनं तेव्हा वॉर्डाच्या दारात सांगितलं नाही, तसंच मीही सांगितलं नाही. मग सई, तुझा फोन आला.

मी बसनं सानगडीला गेले. तुळशीरामच्या अंगणात बसून सगळं सांगितलं, कुपीपासून. सुनेनं चहा आणून ठेवला. तो बराच वेळ काठीच्या टोकानं मातीत रेघ ओढत राहिला. मग म्हणाला, "तुमाले कवा मालूम झालं?"

"पुस्तक लिहिलं तेव्हा."

"म्हंजे तुमालेबी मालूम होतं." पुन्हा रेघ. "मी दर साली जात होतो..." मग कप माझ्याकडे सरकवत म्हणाला, "चहा घ्या. थंडा होऊन राहिला."

मी निघाले तेव्हा तो फाटकापर्यंत आला. "बाई, तो चिन्नोर वापस द्या."

दुसऱ्या दिवशी मी पुन्हा सानगडीला गेले आणि पिशवी दिली. त्यानं ती दारातच घेतली. बसा म्हणाला नाही.

सई, मामाआजोबांनी सांगितलं नव्हतं. पुस्तकातल्या मुलानं सांगितलं, आणि तो मुलगा आम्ही दोघांनी मिळून केला. तू मात्र सांग. पण खांद्यावर कुणाचा हात येईल म्हणून सांगू नकोस. तो हात माझा स्वल्पविराम होता, वाक्य बरं दिसावं म्हणून घातलेला. आणि मधूवर रागावायचं असेल तर माझ्यावरही रागाव. तो वाईट माणूस नव्हता. तो माझा भाऊ होता, आणि तो आयुष्यभर भुकेला उठला.

पहिला शेवट त्यानं मला जाळायला दिला होता. मी तो जाळला नाही. ती सात पानं माझ्या टेबलाच्या उजव्या खणात, निळ्या फायलीत आहेत, त्याच्या अक्षरात, माझी एकही दुरुस्ती नसलेली.