हात दाबून पाहणारी

मस्तगडच्या त्या बांगडीवालीचं नाव मी कधी विचारलं नाही. ठेंगणी, पन्नाशीची बाई. बोलतानाही तिची नजर गिऱ्हाइकाच्या हातांवरच असायची. बांगडी चढवण्याआधी ती हात मांडीवर घेऊन कणीक मळावी तसा पंजा दाबत राहायची.

माझ्या सुनेचा सहावा महिना सरत आला होता, म्हणून ओटीभरणासाठी हिरवा चुडा भरायला तिला घेऊन गेले. बाईने पंजा दाबला, सोडला, पुन्हा दाबला. पंजावर बोटाचा खड्डा तसाच राहिला.

"डोकं दुखतं का गं, पोरी?"

"दोन दिवस झाले. उन्हानं असंल," सून म्हणाली.

"या दिवसांत सूज येतेच," मी म्हणाले. "मोठं माप काढा."

"पायाला येती, बाई. हाताला अन् तोंडाला आली तर मी भरत न्हाई. एकदा भरला का बाळंतपणापर्यंत तुमी चुडा काढू देणार न्हाई. आधी जल्दी बीपी दाखवून या, मंग बसा."

मला राग आला. निमंत्रणं गेली होती, आणि ही मला शिकवणार! शेजारच्या दुकानात जायला मी उठले, तर सूनच म्हणाली, "आई, दवाखान्यात जाऊ."

बीपी फार वाढलं होतं. डॉक्टरांनी लगेच दाखल करून घेतलं. आता ते आटोक्यात आहे, पोटातलं बाळ हालतंय. ओटीभरण आम्ही पुढे ढकललं.

त्या सुजल्या हातातून मी रोज सकाळी चहाचा कप घेत होते.