बेडकाचे डोळे शेवटी

गांडुळाला डोळे नसतात, हे मला शाळेपासून माहीत होतं. कुणाला माहीत नसतं? तरीही बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षी, रोह्याच्या कॉलेजातल्या पहिल्याच प्रॅक्टिकलला मी कागदावर जे गांडूळ काढलं, त्याला चांगले दोन टपोरे डोळे होते. वर पापण्यासुद्धा. मॅडम बाकांमधून फिरत फिरत माझ्यामागे येऊन थांबल्या. वाकून माझा कागद बघितला. मग म्हणाल्या, "हे लाजतंय का गं?"

अख्खा वर्ग खिदळला.

"ट्रेमध्ये बघ," मॅडम म्हणाल्या. "कुठे आहेत डोळे? दाखव मला."

ट्रेमधलं गांडूळ वर्षानुवर्षं बरणीत राहून पांढरंफटक पडलेलं. त्याला धड तोंड कुठलं आणि शेपूट कुठलं हेसुद्धा कळत नव्हतं, डोळ्यांचं काय घेऊन बसलात! "नाहीत मॅडम," मी म्हटलं.

"मग तुझ्या कागदावर कुठून आले?"

आता काय सांगणार, कपाळ! हातातून आले.

आमचा पेणेत गणपतीचा कारखाना. म्हणजे घरामागे पत्र्याची शेड आणि तिच्यात या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत फळ्यांवर बसलेले गणपती. बाबा साचे भरायचे, आई मूर्ती साफ करायची, रंगाला दोन बायका यायच्या. आणि डोळे माझ्याकडे. पूर्वी ते काम काका करायचा, पण तो मुंबईला नोकरीला लागला आणि परत काही आला नाही. बाबांना जवळचं दिसेनासं झालेलं. मी नववीत होते, हात स्थिर होता, झालं! गळ्यात पडलं. याला आमच्याकडे आखणी म्हणतात. भुवई, पापणी, बुबुळ, आणि सगळ्यात शेवटी बुबुळात पांढरा बारीक ठिपका. तो ठिपका पडला की मूर्ती तुमच्याकडे बघते. एका साच्यातून निघालेले शंभर गणपती सारखेच असतात हो. पण डोळे झाले की प्रत्येकाचा चेहरा वेगळा होतो.

आणि आखणी शेवटी. अंगाचा रंग, पितांबर, सोनेरी काम, सगळं वाळलं की मग डोळे. आजोबा म्हणायचे, डोळे आधी काढले तर देव बघत बसेल, त्याच्यासमोर रंग कसा उडवणार? बाबांचं कारण सरळ होतं. पितांबराचा रंग उडून डोळ्यात गेला तर सगळी मेहनत फुकट.

तर असा तो हात. काही अपुरं दिसलं की आपोआप डोळ्याकडे जायचा. गांडुळाला काय, माझ्या हाताने दगडालासुद्धा डोळे काढले असते.

यात गंमत वाटत असेल तर बाबांची अटही ऐका. बारावीनंतर मी सायन्सला जाते म्हटल्यावर घरात महिनाभर धुसफूस चालली होती. पेणेत नंबर लागला नव्हता. रोज रोह्याला जायचं म्हणजे भल्या सकाळी एस.टी., धाटावच्या एमआयडीसीतल्या शिफ्टवाल्यांच्या गर्दीत उभ्याने. शेवटी बाबा म्हणाले, "जा. पन एकदा जरी नापास झालीस, तर परत नाव काढायचं नाय. कारखान्यात बसायचं. आखणीला मानूस हाय कुठं माझ्याकडं?" त्यांचंही काही खोटं नव्हतं, म्हणून तर जास्त राग यायचा.

आणि मला कॉलेज हवं होतं. का, ते सांगते. आमच्या लॅबमध्ये त्यातल्या त्यात चालणारे मायक्रोस्कोप मोजून दोन. एकाचा आरसा निसटायचा, दुसऱ्याशी रांग लागायची, आणि तुमचा नंबर आला की मागची मुलगी कानात, "झालं का? झालं का?" अशा त्या कटकटीत मी पहिल्यांदा पॅरामिशियम पाहिलं. डबक्याच्या पाण्याचा एक थेंब, आणि त्यात ते चपलेच्या तळव्यासारखं काहीतरी स्वतःभोवती फिरत धावत होतं. ना हात, ना पाय, ना चेहरा. कुणी साच्यातून काढलेलं नाही, कुणी रंगवलेलं नाही. मला इतका आनंद झाला की मी रांग विसरले. मागच्या मुलीने चिमटा काढला तेव्हा भानावर आले. त्या वर्षी मला कुणी विचारलं असतं की तुला काय पाहिजे, तर मी एवढंच सांगितलं असतं: मला हे आणखी बघायचंय.

पण बघायचं वेगळं आणि काढायचं वेगळं. जर्नलवर मॅडमची सही झाल्याशिवाय परीक्षेला बसता येत नाही, आणि मॅडम सही करतील तर शपथ! दर आठवड्याला नवं काहीतरी. हायड्रा झाला, शिंपला झाला, अळंबी झाली. तारामाशाच्या मधोमध मी नकळत दोन डोळे काढले तेव्हा मॅडमनी पान टर्रकन फाडलं.

"ज्याला जे नाही ते देऊ नकोस," त्या म्हणाल्या. "या जगात प्रत्येकाचं अंग वेगळं आहे. कुणी कातडीने बघतं, कुणी बघतच नाही. असू दे की त्याला तसं! तू काय देव लागून गेलीस?"

मी मान खाली घातली. मनात म्हटलं, देव नाही हो, देवाचे डोळे काढणारी आहे.

बरं, ज्यांना डोळे आहेत त्यांच्यापाशी तरी सुटका असावी? नाही! खेकडा आला, झुरळ आलं. मी खूश. डोळे काढले, ठिपका सोडला. मॅडमनी झुरळ उचलून खिडकीशी उजेडात धरलं. "या झुरळाच्या डोळ्यांत करुणा आहे," त्या म्हणाल्या. "याला नैवेद्य दाखवायचा की लेबलं लावायची? शेडिंग नको, चमक नको. एक रेघ, बारीक पेन्सिल, जे दिसतं तेवढंच. परत काढ."

परत काढ, परत काढ! त्या वर्षी माझ्या स्वप्नातसुद्धा झुरळं परत काढ म्हणायची.

याचा परिणाम काय व्हावा? मी हाताला एवढी वेसण घातली, की घरी बसले तरी हात आखडायला लागला. एकदा बाबांनी फळीवरची मूर्ती उचलली, लांब धरली, जवळ धरली आणि म्हणाले, "गो, हा देव भिंतीकडं बघतोय. जीव कुठं गेला?" मी भांडले. म्हटलं, कॉलेजात जीव काढला की पान फाडतात, इथे जीव नाही काढला की तुम्ही बोलता. मी जीव देऊ का आता? आई म्हणाली, "अभद्र बोलू नको, शेडमधे देव हायत." म्हणजे बोलायचीही सोय नाही.

श्रावण संपत आला तेव्हा आणखी एक ताप झाला. मी आखणीला बसले होते आणि दारातून ओळखीचा आवाज आला. मॅडम! रोह्यावरून पेणेला आल्या होत्या, काखेत पाट. घरचा गणपती न्यायचा होता. लोक मूर्ती सांगून महिनाभर आधी पाट ठेवून जातात, आणि ह्या आयत्या वेळी. त्यांनी मला पाहिलं, मी त्यांना पाहिलं. दोघींनाही कुठे तोंड लपवावं कळेना.

त्यांनी एक मूर्ती निवडली. "हीच द्या. मला परतीची गाडी गाठायचीय."

"तिचं डोळं व्हायचं हायत मॅडम," बाबा म्हणाले. "डोळं शेवटी. थांबावं लागंल."

"अहो, पटकन काढून द्या."

"पटकन नाय व्हत."

मॅडम स्टुलावर बसल्या. मी मूर्ती समोर घेतली. मॅडम गप्प राहतील तर ना! "म्हणजे तू हे करतेस होय," म्हणाल्या. "आणि ब्रश किती बारीक गं तो. म्हणूनच तुझं ते गांडूळ. मला वाटायचं थट्टा करतेस. आणि हे बघ, जर्नलची शेवटची तारीख..."

माझा ब्रश बुबुळाच्या काठावर होता. श्वाससुद्धा रोखून धरायचा असतो तिथे.

"मॅडम, बोलू नका," मी म्हटलं.

शेडमध्ये सगळे थिजले. बाबांनी माझ्याकडे असं पाहिलं, की आज काही खरं नाही. पण मॅडम खरंच गप्प बसल्या. दुसरा डोळा झाला, ठिपका पडला, तेव्हा कुठे त्या उठल्या. मूर्तीसमोर वाकून बघितलं. मूर्तीच्या तोंडावर रुमाल टाकला, पैसे दिले आणि गेल्या.

मला वाटलं, आता तरी पाझर फुटेल. कसलं काय! पुढच्याच आठवड्यात त्यांनी माझा शंख फाडला.

मार्चमध्ये प्रॅक्टिकलची परीक्षा आली. बाहेरून एक परीक्षक आले होते, वयस्कर, घामाघूम, वडखळला गाडी अडकली म्हणून सकाळपासून चिडलेले. बरण्या ओळखायच्या झाल्या, वर्गीकरण लिहून झालं, आणि मग आकृती. माझ्या ट्रेमध्ये बेडूक. मला हायसं वाटलं. बेडूक म्हणजे डोळेच डोळे! इथे तरी कुणी फाडणार नाही.

मी मन लावून काढला. वर्षभराची बोलणी कानात होती, म्हणून एकेक रेघ जपून. मागच्या पायांची बोटं, बोटांमधला पडदा, नाकपुड्या, कानाचा गोल पडदा. लेबलांच्या रेघा पट्टीने मारल्या. लेबलं लिहिली. सगळं झालं. आता डोळे, म्हणून मी पेन्सिलीला टोक काढायला घेतलं, आणि घंटा झाली. शिपायाने येऊन कागद ओढून नेला. माझ्या हातात पेन्सिल आणि टोकयंत्र तसंच.

त्या क्षणी कळलं, मी काय करून बसले. सवयीने डोळे शेवटी ठेवले, आणि कागद गेला.

तोंडी परीक्षेला बोलावलं तेव्हा परीक्षक माझा कागद धरून बसले होते. बाजूला मॅडम. "हे काय आहे?" परीक्षक म्हणाले. "बेडूक की बटाटा?"

"बेडूक आहे सर. डोळे राहिले."

"राहिले? बेडकाचे डोळे राहिले? लांबूनही जे आधी दिसतं ते राहिलं, आणि बोटांमधले पडदे बरे काढलेस!"

"आमच्याकडे डोळे शेवटी काढतात," मी म्हटलं. रडू येत होतं आणि रागही. बाबांचा चेहरा दिसत होता, शेड दिसत होती, फळ्यांवरचे बिनडोळ्यांचे गणपती रांगेने माझी वाट बघत बसलेले.

"आमच्याकडे म्हणजे कुणाकडे?" परीक्षकांनी लाल पेन उघडलं. "हे असं तर पास करता येणार नाही."

तेवढ्यात मॅडम म्हणाल्या, "सर, ही गणपतीची आखणी करते. त्यांच्यात डोळे शेवटीच असतात. मी स्वतः थांबलेय. दोन मिनिटं द्या तिला."

"वेळ संपलाय मॅडम. नियम काय फक्त..."

"नियम मला माहीत आहे. वर्षभर मी हिचे डोळे फाडलेत," मॅडमचा आवाज चढला. "गांडुळाचे फाडले, तारामाशाचे फाडले, झुरळाचे दोनदा फाडले. आज ज्याला खरोखर डोळे आहेत त्याचे काढायची वेळ आली, तर कागदच गेला. वैताग आहे नुसता! दोन मिनिटं, सर. तुमच्यासमोर काढेल."

परीक्षकांनी घड्याळ बघितलं, चहाकडे बघितलं, सुस्कारा सोडला आणि कागद माझ्याकडे ढकलला. मी पेन्सिल टेकवली. लगेच रेघ ओढली नाही, आधी श्वास रोखून धरला.

"लवकर," परीक्षक म्हणाले. "मला परत त्या वडखळच्या गर्दीतून जायचंय. एकेका मुलीला एवढा वेळ द्यायचा म्हटला तर..."

"सर," मॅडम म्हणाल्या, "जरा बोलू नका."

परीक्षक गप्प झाले. लॅबमध्ये पंख्याचा तेवढा आवाज. मी डावा डोळा काढला, मग उजवा. आता ठिपक्याची जागा सोडायची की नाही, म्हणून क्षणभर हात थांबला.

"चमक सोडलीस तर अजूनही फाडीन," मॅडम हळूच म्हणाल्या.

मी सोडली नाही. साधा गोल, आत काळं बुबुळ, बाजूला लेबल. माझ्या आयुष्यातला सगळ्यात मेलेला डोळा. मी पास झाले.

निकालाच्या दिवशी मी बाबांना मार्कशीट दाखवली. त्यांनी आखणीचा बारीक ब्रश माझ्या डब्यातून काढून स्वतःच्या डब्यात ठेवला, आणि बाजारातून जाड भिंगाचा नवा चष्मा आणला, आखणी आता स्वतः करायला. शब्दाला पक्के, पण तोंड असं केलेलं, जसं मी पास होऊन त्यांच्यावर सूडच घेतला होता.

जूनच्या शेवटी, दुसऱ्या वर्षाचं कॉलेज सुरू झालं त्या सकाळी, मी चपला घालत होते. शेडमधून हाक आली. "गो बाय, इकडं ये. जरा एवढा बघ. तिरळा झाला काय?"

मी दारातून पाहिलं. चांगलाच तिरळा झाला होता. डावा डोळा माझ्याकडे, उजवा आईच्या चुलीकडे. माझा हात शिवशिवला. खोटं कशाला बोलू, पाय पण अडखळला. पण बस स्टँडला लागायची वेळ झाली होती.

"झालाय," मी म्हटलं. "पुसा आणि परत काढा. घाई करायची नाही. आणि काढताना बोलू नका."

बाबांनी चष्मा कपाळावर सरकवून माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता ओरडतील.

"व्हय, मॅडम," ते म्हणाले, आणि फडका ओला करायला उठले.